आत्याची झील

आत्या गेली तेव्हा नव्वदी ओलांडून चांगली पुढे आली होती. जाण्याआधी तिनं माझ्याकडून एकच गोष्ट कबूल करून घेतली होती. "मला बोलून पोचवायचं नाही हं. गाऊन पोचवायचं. आणि गायचं धाकट्यानं."

धाकटा म्हणजे माझे बाबा. ऐंशी उलटलेली, गुडघ्यांना पट्टे, तोंडात कवळी. पण आत्याच्या लेखी ते धाकटेच. मी तिच्या उशाशी बसून "हो, आत्या" म्हटलं खरं, पण तो शब्द पाळणं सोपं नव्हतं. कारण आत्यानं अंथरूण धरलं तसं बाबांनी गाणं बंद केलं होतं. चर्चच्या मंडळीतल्या लोकांनी विनवण्या केल्या, नव्या पाळकांनी घरी येऊन विचारलं, तरी हा माणूस जागचा हलला नाही. "घसा बसलाय," एवढंच म्हणायचे. घसा ठणठणीत होता. सकाळी दूधवाल्याला हाक मारायचे ती पलीकडच्या गल्लीत ऐकू जायची.

आमच्या चर्चमधल्या गात्या उपदेशाबद्दल आधी सांगायला हवं, नाहीतर आत्या कळायची नाही. सकाळची उपासना चारचौघांसारखीच. संध्याकाळी मात्र उपदेशक कागद घेऊन उभा राहत नाही. बायबलच्या वचनातली एक गोष्ट घेतो, विहिरीवरची बाई म्हणा, हरवलेलं मेंढरू म्हणा, आणि ती थोडी बोलत, थोडी गात पुढे नेतो. मध्ये मध्ये ध्रुवपद येतं. उपदेशकानं ते टाकलं की त्याच्या पाठीमागे उभा असलेला माणूस ते उचलतो, घोळवतो, सगळ्या बाकांना गायला लावतो आणि पुन्हा उपदेशकाच्या हाती देतो. याला झील धरणं म्हणतात. उपदेश संपला की ध्रुवपद बराच वेळ फिरत राहतं, आणि मग ज्याला वाटेल तो उठून साक्ष देतो; देवानं आपल्यासाठी काय केलं ते चार शब्दांत सांगतो. बोललेला उपदेश मी घरी पोचेपर्यंत अर्धा विसरते. गायलेला मात्र भांडी घासताना, बसची वाट बघताना आपसूक ओठांवर येतो. देवानं मला जी सुखं दिली त्यांत हे सुख मी फार वर धरते.

बाबा आठवडाभर लाकडाच्या वखारीत कारकून आणि रविवारी संध्याकाळी उपदेशक. आत्या आठवडाभर टेलरमास्तरांच्या दुकानात कोटांची काजं करायची आणि रविवारी संध्याकाळी बाबांची झील धरायची. लोक म्हणायचे, उपदेशकाचा आवाज गोड खरा, पण रंग चढतो तो झील धरल्यावर. कधी कधी आत्या ध्रुवपद सोडायचीच नाही. हळू, मग आणखी हळू, असं घोळवत राहायची. बाबा डोळे मिटून उभे. बाकांवर रुमाल निघायचे, नाकं ओढली जायची. बाहेर पडताना कुणीतरी हमखास म्हणायचं, "आज काय तल्लीन झाले होते उपदेशक!"

कॉलेजात असताना एकदा घरी येता येता मीही बाबांना तेच म्हटलं. आत्या रस्त्यातच थांबून हसायला लागली.

"तल्लीन कुठला! पुढचं विसरला होता तो."

"ताई!" बाबा ओरडले.

"मग खोटं सांगू का पोरीला? विसरला की त्याच्या पाठीवरून कळतं मला. मग काय, गात बसायचं, आठवेपर्यंत."

म्हणजे लोक जिथे जिथे रडायचे, तिथे तिथे माझे बाबा विसरलेले असायचे. मला हसावं की काय करावं कळेना. मी विचारलं, "मग तू हळूच शब्द का नाही सांगत?"

"सांगितला तर तो माझा शब्द झाला," आत्या म्हणाली. "त्याचा त्याला सापडू दे. मी नुसती जागा धरते. बसमध्ये नाही का आपण कुणासाठी तरी पिशवी ठेवून जागा धरत? तसं."

आत्याचं आयुष्य लांब होतं आणि बाहेरून बघणाऱ्याला अगदी सरळ. आईवडील पाठोपाठ गेले तेव्हा ती शाळेत होती आणि बाबा तिच्या कमरेएवढे. तिनं शाळा सोडली आणि शिवणकामाच्या दुकानात काजं शिकली. पुढे टेलरमास्तरांनी स्वतःचं दुकान काढलं तेव्हा तिला तिथे बोलावलं. हाताच्या काजाला फार धीर लागतो. खडूनं खूण करायची, टोकदार कात्रीनं चीर द्यायची, मग मेण लावलेला दोरा घेऊन टाक्याला टाका चिकटवत कडेकडेनं फिरायचं. एक टाका ढिला पडला की बटण तिथे आयुष्यभर कुरकुरणार. सुई ढकलून ढकलून तिचं एक बोट दगडासारखं झालं होतं. लाडानं गालावरून हात फिरवायची तेव्हा ते बोट खरवडायचं, आणि मी लहानपणी समजत होते की सगळ्यांच्या आत्यांचं एक बोट असंच असतं.

तिला एक स्थळ आलं होतं. मिळवता, निर्व्यसनी, दिसायला बरा. उपासनेला बरोबर आला आणि झोपला. पुढच्या रविवारी पुन्हा आला आणि पुन्हा झोपला. आत्यानं नकार कळवला. मी मोठी झाल्यावर एकदा छेडलं, "एवढ्यावरून नाही म्हणालीस? दमला असेल गं बिचारा."

"बोलताना झोपला असता तर मी समजून घेतलं असतं," आत्या म्हणाली. "गाताना झोपला. गाताना!"

प्रार्थना करायची ती मोठ्यानं, आणि ज्यांच्यासाठी करायची त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं. वरच्या मजल्यावरची बाई खुर्च्या ओढायची. आत्या खिडकी उघडून गुडघे टेकायची. "प्रभू, वरच्या बाईंना खुर्ची उचलून ठेवायची बुद्धी दे. तू सर्वसमर्थ आहेस, तुला हे जमेल." आठवड्याच्या आत खुर्च्यांच्या पायांना रबर बसलं. मग खिडकी उघडून आभारही मानले तिनं, तितक्याच मोठ्यानं.

कौतुक मात्र तिच्या तोंडून निघायचं नाही. मी शाळेत पहिली आले तेव्हा म्हणाली, "बरं झालं, आता डबा वेळेवर नेत जा." मनगट मोडलं तेव्हा प्लास्टर घालून झील धरायला उभी राहिली. डॉक्टर रागावले तर त्यांनाच म्हणते, "गाणं मनगटातून येतं का हो?" आई गेल्यावर माझी वेणी घालायला तीच बसली, आणि वेणी घालता घालता ध्रुवपदं पाठ करून घेतली. चुकलं की केस ओढायची. आजही एखाद्या ओळीला माझी मान आपोआप मागे जाते.

मग गुडघे गेले. बाबांच्या मागे तिच्यासाठी खुर्ची आली. बसून गायची, पण आवाजानं उभीच असायची. मग तीही खुर्ची सुटली आणि अंथरूण आलं. रविवारी संध्याकाळी चर्चची घंटा झाली की विचारायची, "आज कोणती गोष्ट?" बाबा स्वयंपाकघरात मान खाली घालून बसलेले. मी काहीतरी सांगून वेळ मारून न्यायचे.

एका सकाळी मी तिचे केस विंचरत होते. ती म्हणाली, "पुरे आता." मला वाटलं, केसांचं म्हणतेय. कंगवा ठेवून मागे वळले तोवर ती गेली होती.

दफनाच्या वेळी बाबा खुर्चीतून उठूच शकले नाहीत. पाळकांनी छोटी प्रार्थना केली, माती पडली, सगळे परतले. आता उरली फक्त स्मरण-उपासना, पुढच्या रविवारी संध्याकाळी. दिलेला शब्द पाळायचा तर तेवढीच एक वेळ होती.

दुसऱ्याच दिवशी मी विषय काढला. बाबा टेबलाशी बसून चहात बिस्किट बुडवत होते.

"बाबा, रविवारी तुम्ही गायचंय. आत्यानं सांगितलंय."

"तिला काय, सांगायला काय जातंय."

"मी हो म्हटलंय तिला."

"मला विचारून म्हटलंस?" बिस्किट चहात पडलं. ते चमच्यानं शोधत राहिले. मग हळूच म्हणाले, "माझ्या मागे कोण उभं राहणार गं?"

"मी."

वखारीत ओलं लाकूड आलं की बाबा जसं बघायचे तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

तरी संध्याकाळी करून बघू म्हणाले. स्वयंपाकघरातच उभे राहिलो. ते टेबलापुढे, मी त्यांच्या मागे ओट्याला टेकून. ध्रुवपद त्यांनी आत्यासाठी बांधलं होतं. म्हणजे गाणार नाही म्हणणाऱ्या माणसानं रात्रीत ध्रुवपद मात्र बांधून ठेवलं होतं!

हाक तुझी आली, निघाले मी स्वामी,
हातातलं टाकून निघाले मी.

चाल साधी होती, एका दमात बसणारी. मी उचललं आणि परत दिलं. बाबांनी आत्याची गोष्ट आईवडिलांच्या जाण्यापर्यंत आणली आणि थांबले.

"शाळा सोडली," मी पुटपुटले.

बाबा गर्रकन वळले. "कुणी विचारलं तुला?"

"तुम्ही थांबलात म्हणून..."

"थांबलो म्हणजे पडलो का?"

पुन्हा सुरू केलं. पुन्हा तिथेच थांबले, आणि मी पुन्हा सांगितलं. मला राहवतच नाही. समोर माणूस अडकलाय, उत्तर आपल्या जिभेवर आहे, आणि गप्प राहायचं?

बाबा खुर्चीत बसले. रागावलेले नव्हते, ते जास्त वाईट वाटलं. "तुला गळा आहे गं, पण धीर नाही. ताईनं उभ्या जन्मात मला एक शब्द सांगितला नाही. आणि उभ्या जन्मात एकदाही एकट्याला सोडलं नाही. ते निराळंच काम आहे. राहू दे. पाळकांना सांग, तुम्हीच बोला."

मी पाळकांना सांगितलं. त्या रात्री माझ्या प्रार्थनेत मी आत्याचीच माफी मागत होते. देव बाजूला बसून ऐकत असेल.

पाळक तरुण, भला माणूस. शनिवारी दुपारी घरी आले, आपण काय बोलणार ते बाबांना आधी ऐकवायला. बाबा खिडकीशी बसून ऐकत होते.

"आपल्या आत्या," पाळकांनी सुरुवात केली, "अत्यंत शांत आणि मितभाषी स्वभावाच्या होत्या."

बाबांनी मान वर केली.

"त्यांनी कधी कुणाचं मन दुखवलं नाही."

"कोण?" बाबा म्हणाले.

"आत्या."

"कुणाची आत्या?"

पाळक बिचारे माझ्याकडे बघायला लागले. मी छताकडे.

"आपल्या मधुर वाणीनं त्यांनी..." एवढं त्यांनी म्हटलं आणि बाबांना हसू फुटलं. आत्या गेल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता ठसका लागला, कवळी सावरावी लागली, डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पाणी हसणं थांबल्यावरही थांबेना.

"पाळकसाहेब," शेवटी ते म्हणाले, "तुमचं चुकलं नाही. बोलायला गेलं की माणूस असंच बोलतो. पण तुमच्या कागदातली ही बाई उद्या चर्चमध्ये आली तर माझी ताई बाहेरच उभी राहील. त्यापेक्षा मी गातो. पडलो तर पडलो."

"साधारण किती वेळ लागेल?" पाळकांनी जपून विचारलं.

"ते माझ्या हातात कधीच नव्हतं," बाबा म्हणाले.

रविवारी संध्याकाळी सगळे बाक भरले. मागे उभं राहायला जागा उरली नाही. दारं उघडी, पंखे कुरकुरत होते, पेटीवाल्या बाई भाता हलवून सूर लावत होत्या. बाबा दोन्ही हात व्यासपीठाच्या कडेवर ठेवून उभे राहिले. मी त्यांच्या मागे. इथून माणसाची फक्त पाठ दिसते: मानेवरचे पांढरे केस, कोटाची कॉलर, खांद्यांची हाडं. आत्यानं अख्खं आयुष्य हेच बघितलं होतं.

बाबांनी ध्रुवपद टाकलं. आवाज आधी थरथरला, मग स्थिरावला. मी उचललं, बाकांनी माझ्याकडून घेतलं. आईवडील गेले, शाळा सुटली, सुई हातात आली. स्थळ झोपलं तेव्हा चर्च हसलं. वरच्या मजल्यावरच्या बाई स्वतः आल्या होत्या. रबराची गोष्ट आली तेव्हा त्यांनी तोंडावर हात धरला आणि मानेनं "खरंय, खरंय" केलं. बाबा खुलत चालले होते. मी मनात देवाचे आभार मानायलाही सुरुवात केली.

"आणि मग एका रविवारी," बाबा म्हणाले, "माझी ताई..."

आणि थांबले.

मला पुढचं ठाऊक होतं. एका रविवारी ताई उभी राहू शकली नाही, खुर्ची आली. "खुर्ची" हा शब्द माझ्या दातांपर्यंत आला होता. मी ओठ घट्ट मिटले आणि मग ध्रुवपदासाठीच उघडले.

हाक तुझी आली, निघाले मी स्वामी. बाकांनी गायलं. बाबा हलले नाहीत. पुन्हा. आता लोक डोळे पुसत होते. पुन्हा. मी आवाज खाली आणला, आत्या आणायची तसा. पाठ तशीच, दगडासारखी. पुन्हा. आता रुमाल खिशात जायला लागले आणि माना वळायला लागल्या. पेटीवाल्या बाईंनी माझ्याकडे बघून भुवई उडवली. पाळक खुर्चीच्या कडेला आले; उठावं की बसावं कळत नव्हतं त्यांना. एक शब्द, फक्त एक शब्द पुढे सरकवला की बाबा सुटतील. तेवढ्यानं आत्याचं चरित्र पुरं होईल, माझा शब्दही राहील. पण ते पुरं केलेलं माझं असेल, बाबांचं नाही. मी गात राहिले. "प्रभू, मला आठवण करून द्यायची नाहीये, मला नुसतं उभं ठेव," अशी काहीतरी प्रार्थना गाण्याच्या खालून चालली होती.

तेवढ्यात मधल्या बाकावरून टेलरमास्तर उठले.

टेलरमास्तरांना ऐकू जवळजवळ येत नाही; ध्रुवपदाचे शब्दही शेजाऱ्यानं कानात ओरडून सांगितले तेव्हा कळले. पण आमच्या चर्चची रीत हाडात मुरलेली. ध्रुवपद इतका वेळ फिरतंय म्हणजे उपदेश संपला, आता साक्ष. "मला साक्ष द्यायची आहे!" त्यांनी घोषणा केली.

शेजारच्यानं त्यांचा कोट ओढला. "मास्तर, बसा, अजून संपलं नाही!"

"हो, संपलं ना, म्हणून तर उठलो," मास्तर म्हणाले आणि कोट सोडवून घेतला. "पहिलं म्हणजे, हे जे तुम्ही गाताय ते साफ चूक आहे. हातातलं टाकून? बाई हातातलं टाकून कधी उठल्या नाहीत. दुकानाला आग लागली असती तरी म्हणाल्या असत्या, थांबा, एवढं काज होऊ द्या."

सगळं चर्च हसलं. मी गाणं अगदी खाली आणलं, पण सोडलं नाही.

"दुसरं म्हणजे, मी यांना एकदा कामावरून काढलं होतं." हसू थांबलं. हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मलाही नाही. "कामावर गायच्या. गिऱ्हाइकं कुरकुर करायची, दुकान आहे की देऊळ? मी तापट होतो, म्हटलं, बाई, उद्यापासून येऊ नका. गेल्या. आणि आठवडाभरात दुकान बसलं! मशीनवाल्यांचे पाय त्यांच्या गाण्यावर चालायचे, ते आम्हाला कधी कळलंच नव्हतं. आणि काजं? नव्या माणसाची काजं बघून मला रडू आलं. गेलो यांच्या घरी. म्हटलं, चला परत. तर म्हणाल्या, आधी तुम्ही रविवारी या, मग मी सोमवारी येते."

मास्तरांनी सगळ्या बाकांवरून नजर फिरवली. "मला देवाधर्माचं काही नव्हतं. खरं सांगतो, मी देवासाठी आलो नव्हतो. मी काजांसाठी आलो. म्हटलं, एक रविवार बसू, काय बिघडतं? ते बसलोय ते अजून बसलोय." आणि ते खरंच बसले.

बाबांची पाठ हलली. मी बघितलं, आधी खांदे सैल झाले, मग हात व्यासपीठावरून सुटला. त्यांनी सूर घेतला, पाठ केलेला नव्हे, तिथल्या तिथे बांधलेला:

काजांसाठी आला, बाकावर बसला,
बसल्या बसल्या देवानं धाग्यात ओवला.

आणि ध्रुवपद माझ्या हाती दिलं, पण बदलून: हातातलं संपवून निघाले मी. मास्तरांच्या शेजाऱ्यानं ते त्यांच्या कानात ओरडून सांगितलं. मास्तर म्हणाले, "हां, आता बरोबर."

त्यानंतर रीत कुणी पाळलीच नाही. वरच्या मजल्यावरच्या बाई उठल्या. म्हणाल्या, खुर्च्यांचं राहू द्या, माझे यजमान आजारी होते तेव्हा आत्या खिडकी बंद करून प्रार्थना करायच्या. कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. मला जिन्यात हुंदका ऐकू आला तेव्हा कळलं. बाबांनी ते गायलं. मग आमचे पाळक उठले. कागद खिशातच ठेवला.

"मी इथे पहिला उपदेश दिला," ते म्हणाले, "तेव्हा आत्या दारात माझा हात धरून म्हणाल्या, 'पाळकसाहेब, आजचे दोन्ही उपदेश चांगले होते.' मी म्हटलं, आत्या, मी एकच दिला. म्हणाल्या, 'हो? मग दुसरा पुढच्या रविवारसाठी ठेवायचा होता की.'" चर्च इतकं हसलं की पेटीवाल्या बाईंचा सूर चुकला. "त्या मितभाषी नव्हत्या," पाळक म्हणाले, आणि लाल होऊन खाली बसले.

बाबांनी तेही गायलं. मग हात वर केला आणि सगळं शांत झालं. मी ध्रुवपद धरून तयार होते, पण त्यांनी ते टाकलं नाही. न गाता, साध्या आवाजात म्हणाले, "आणि मग एका रविवारी माझी ताई उभी राहू शकली नाही." तिथून त्यांनी खुर्ची गायली, अंथरूण गायलं, घंटा झाल्यावर विचारायची ते गायलं. सकाळ गायली. कंगवा मी त्यांना सांगितला होता, तोही गायला. मग ताईला देवाच्या दारापर्यंत नेलं आणि दार उघडं ठेवून आमेन म्हटलं.

लोक बाहेर पडले तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागले होते. बाबांचा हात धरून मी घरी आले. ते थेट स्वयंपाकघरात जाऊन टेबलाशी बसले. मी ताट घेतलं.

"कसं झालं माझं?" मी विचारलं. म्हटलं, आज तरी शाबासकी मिळेल.

"वरचा सूर जरा चढा लावलास," बाबा म्हणाले.

मी आमटी गरम करायला ठेवली. तेवढ्यात बाबा मागून म्हणाले, "विसरलो नव्हतो मी तिथे."

मी वळले.

"सगळं आठवत होतं. पुढे खुर्ची होती, मग अंथरूण, मग ती जाणार होती. म्हटलं, तू गातेयस ना, अजून थोडी राहू दे तिला." त्यांनी टेबलावरचा पाण्याचा थेंब बोटानं पुसला. "मास्तर उठले नसते तर मी काही पुढे गेलो नसतो."

"मग मी किती वेळ गात राहायचं होतं?"

"ताईनं कधी विचारलं होतं?" बाबा म्हणाले, आणि ताट पुढे ओढलं. "वाढ आता. भूक लागलीय."